रागाची वाटणी

इंग्रज चिडला की त्याच्या बोलीत डोक्यावरचे झाकण उडते, नाही तर कुऱ्हाडीचे पाते दांड्यातून निसटते. २०११च्या ‘सिंघम’ या हिंदी चित्रपटाने देशभर नेलेले आपले ‘सटकणे’ या निसटण्याचेच भावंड! पण मराठी संतापाला स्वयंपाकघराचा शेजार अधिक. अंगाचा तिळपापड होतो, पित्त खवळते, तळपायाची आग मस्तकात जाते.

हे वैभव मला प्रिय आहे. तक्रार आहे ती वाटणीची. आजोबा भडकले की घरात ‘जमदग्नी’ अवतरतो. आजी तेवढीच चिडली, तर तो ‘थयथयाट’! बुवांच्या रागाला ऋषींची नावे, बायकांच्या रागाला कैकेयी आणि कैदाशीण. ज्या जमदग्नीने रागाच्या भरात रेणुकेचे मस्तक मुलाकरवी उडवले, त्याचे नाव आपण कौतुकाने घेतो. आणि आम्ही नाशिककर चांदवडला जाऊन त्याच रेणुकेची ओटी भरतो!

तेव्हा वाचकहो, यंदा फराळाच्या धांदलीत घरातली बाई रागावली, तर शब्द जरा जपून निवडा. जमदग्नीने काही पातेलेभर चिवडा परतलेला नव्हता.