खेळ, नियम आणि प्रेक्षक : ‘द रनिंग मॅन’ व ‘शांतता! कोर्ट चालू आहे’

माणसाची शिकार दूरचित्रवाणीवर दाखवली जावी आणि घरोघरी ती करमणूक म्हणून पाहिली जावी, ही कल्पना पाश्चात्त्य कथासाहित्यात पुन्हापुन्हा आलेली आहे. रॉबर्ट शेक्ली यांची ‘द प्राइझ ऑफ पेरिल’ (१९५८) ही कथा, स्टीफन किंग यांनी रिचर्ड बाकमन या टोपणनावाने लिहिलेली ‘द रनिंग मॅन’ (१९८२) ही कादंबरी आणि सुझन कॉलिन्स यांची ‘द हंगर गेम्स’ (२००८) ही तिची ठळक उदाहरणे होत. या कल्पनेच्या जवळ जाणारी मराठी कलाकृती मात्र विज्ञानकथेत नव्हे, तर नाटकात शोधावी लागते. विजय तेंडुलकरांचे ‘शांतता! कोर्ट चालू आहे’ हे नाटक १९६७ साली ‘रंगायन’ने अरविंद देशपांडे यांच्या दिग्दर्शनाखाली रंगमंचावर आणले. मुंबई दूरदर्शन केंद्र सुरू झाले ते २ ऑक्टोबर १९७२ रोजी. म्हणजे महाराष्ट्रात दूरचित्रवाणीचा पडदाही नव्हता, तेव्हा हा खेळ लिहिला गेला.

‘द रनिंग मॅन’मधील बेन रिचर्ड्स हा बेकार कामगार आजारी मुलीच्या औषधासाठी खेळात उतरतो. तगून राहिलेल्या प्रत्येक तासाला शंभर डॉलर, तीस दिवस तगल्यास एक अब्ज डॉलर. त्याला जगात कोठेही लपण्याची मुभा आहे. परंतु त्याचा ठावठिकाणा कळवणाऱ्या नागरिकालाही बक्षीस आहे. कादंबरीची खरी भीती या शेवटच्या नियमात आहे. पाठलाग करणारे मोजके व्यावसायिक मारेकरी एकवेळ चुकवता येतील, पण बक्षिसाच्या आशेने खिडकीत उभा राहिलेला शेजारी चुकवणे कठीण. नियम असा आहे म्हणून तो शेजारी स्वतःला खुनी समजत नाही. तो केवळ खेळात भाग घेत असतो.

नेमकी हीच सोय तेंडुलकरांच्या पात्रांनाही मिळालेली आहे. अणुबॉम्बच्या प्रश्नावर अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष जॉन्सन यांच्यावर अभिरूप खटला चालवण्यासाठी एक हौशी मंडळी खेडेगावात येते. गावातल्या सामंतला कोर्टाचे कामकाज समजावे म्हणून एक लुटुपुटुचा खटला रचला जातो. आरोपी कोण व्हायचे, हे लीला बेणारे आत गेलेली असताना ठरते. रिचर्ड्स निदान स्वतःच्या पायाने खेळात येतो, करारावर सही करतो. बेणारेची संमती कोणी विचारतही नाही. आरोप भ्रूणहत्येचा. न्यायाधीश काशीकर स्वतःच साक्षीदार म्हणून साक्ष देतात. ज्या कोर्टाच्या प्रतिष्ठेसाठी सारखी ‘शांतता’ पुकारली जाते, त्याचा नियम न्यायाधीशच मोडतो आणि कोणाला त्याचे काही वाटत नाही. बाहेर पडू पाहणाऱ्या बेणारेला दार बाहेरून लागलेले आढळते. दाराची ती कडी कशी घसरते, हे सामंतने पहिल्याच अंकात सांगून ठेवलेले असते.

दोन्ही कलाकृतींतील एक साम्य विशेष लक्षणीय आहे. रिचर्ड्सला रोज स्वतःचे चित्रण ध्वनिचित्रफितीवर करून पाठवावे लागते. शहरातील विषारी हवेबद्दल तो त्यात बोलतो, तेव्हा वाहिनी त्याच्या तोंडी शिव्याशाप घालून ती फीत प्रक्षेपित करते. ‘शांतता!’मध्ये हेच काम एक कादंबरी करते. भोळा सामंत आपली साक्ष हाताशी असलेल्या पुस्तकावरून रचतो आणि त्या उसन्या प्रसंगाला बेणारेच्या आयुष्यातील सत्याची किंमत येते. तंत्रज्ञान लागत नाही. ऐकणाऱ्यांची इच्छा पुरते. १९८७ च्या ‘द रनिंग मॅन’ चित्रपटात बनावट चित्रफितींचा मोठा पसारा आहे आणि सूत्रसंचालकाची भूमिका रिचर्ड डॉसन या खऱ्याखुऱ्या गेम शो संचालकानेच केली आहे. ही निवड मार्मिक होती खरी. तरीही सामंतच्या पुस्तकापुढे तो सारा पसारा फिका वाटतो.

घड्याळही दोन्हीकडे आहे. बचावाच्या भाषणासाठी बेणारेला दहा सेकंद दिले जातात. त्या दहा सेकंदांत तेंडुलकरांनी तिचे प्रदीर्घ स्वगत बसवले आहे. इतर पात्रे थिजलेली असतात; स्वगत संपताच, ती काही बोललीच नाही अशा थाटात, कामकाज पुढे सुरू होते. सुलभा देशपांडे यांनी गाजवलेल्या या प्रवेशाची चर्चा बहुधा अभिनयाच्या अंगाने होते. खेळाच्या वेळेत हरलेल्याचे म्हणणे मावतच नाही, हा त्यातील रचनेचा मुद्दा तितकाच महत्त्वाचा आहे.

‘शांतता!’त कोणी मरत नाही, तेव्हा ही तुलना ताणलेली आहे, असा आक्षेप येऊ शकतो. परंतु बेणारेच्या पर्समधील ‘टिक-२०’ या ढेकणांच्या विषाची बाटली खटल्यात पुरावा म्हणून पुढे येते, तिची शाळेतील नोकरी जाते आणि भ्रूणहत्येचा आरोप ठेवणारे कोर्ट शेवटी तिच्या पोटातील गर्भ नष्ट करण्याची शिक्षा फर्मावते. ज्यांचा या साऱ्याशी थेट संबंध आहे ते प्रा. दामले त्या दिवशी आलेलेच नसतात, आणि त्यांच्यावर खटला चालवण्याचे कोणाच्या मनातही येत नाही.

किंग यांची कादंबरी जेथे सैल पडते तेथे हे नाटक आवळत जाते. रिचर्ड्स अखेरीस विमान वाहिनीच्या इमारतीवर आदळवतो. वाचकाला सूड मिळतो, शत्रूचा पत्ता मिळतो आणि खिडकीतला शेजारी विसरला जातो. तेंडुलकरांनी अशी इमारतच ठेवलेली नाही. शिक्षा सुनावणारी माणसे क्षणात नेहमीची होतात, हे सारे खोटेच होते असे बेणारेला समजावतात आणि रात्रीच्या प्रयोगाच्या तयारीला लागतात. पुढे ‘कमला’ (१९८१) या नाटकात त्यांनी विकत घेतलेली स्त्री पत्रकार परिषदेत उभी केली, परंतु तेथे दोषी पत्रकार जयसिंग ठळकपणे दिसतो. ‘शांतता!’त तसा एक दोषी हाती लागत नाही. मघाशी बंद असलेले दार शेवटी उघडते ते बाहेरून. गावकरी आत डोकावून विचारतात, कार्यक्रम सुरू झाला का? बेणारे टेबलावर निपचित पडून असते.