'धन्य' आणि 'आशीर्वादित'

मराठींत ख्रिस्ती धर्मचिंतनाचें वाङ्मय थोडें आहे असें म्हणण्याचा आपल्याकडे परिपाठ आहे. फादर स्टीफन्सचें 'ख्रिस्तपुराण' १६१६ सालीं छापून निघालें हें ज्यांना ठाऊक आहे, तेदेखील मधलीं शतकें ओलांडून एकदम रेव्हरंड टिळकांपाशीं येऊन थांबतात. पुढें कोण, असें विचारलें कीं सुशिक्षित वाचक बहुधा गप्प बसतो. २०२० सालीं उस्मानाबाद (आतांचें धाराशिव) येथील ९३ व्या साहित्य संमेलनाचें अध्यक्षपद वसईच्या फादर फ्रान्सिस दिब्रिटो ह्यांच्याकडे आलें तेव्हां हें मौन सुटलें खरें. परंतु त्या वेळीं चर्चा झाली ती त्यांच्या धर्माची, लेखनाची नव्हे. २५ जुलै २०२४ रोजीं ते निवर्तले. आतां तरी टीकाकारानें त्यांच्या लेखनाकडे वळण्यास हरकत नसावी.

आम्ही येथें एकाच शब्दाचा विचार करणार आहों, आणि तो शब्द म्हणजे 'धन्य'. येशूच्या डोंगरावरील प्रवचनाच्या आरंभीं दीन, शोकग्रस्त, सौम्य अशा लोकांस जें विशेषण लाविलें आहे, त्यासाठीं मराठी बायबलांत हाच शब्द रूढ आहे. मूळ ग्रीक शब्द 'मकारिओस'. तो ग्रीकांनीं पूर्वीं देवांविषयीं आणि सुखवस्तु माणसांविषयीं वापरला होता. येशूच्या वचनांत तो कंगालांच्या वांट्यास आला. आपला 'धन्य'ही व्युत्पत्तीनें धनापासूनच निघालेला. ज्याच्या गांठीं कांहींच नाहीं त्यालाच धनवाचक शब्द लावावयाचा, हा मूळांतला उलटा न्याय मराठींत आपोआप साधला आहे. असें भाग्य भाषांतरकारास वारंवार लाभत नाहीं.

इंग्रजींत मात्र 'धन्य' आणि 'आशीर्वादित' ह्या दोहोंस एकच शब्द. हिब्रूंत ते निराळे आहेत: 'अश्रे' म्हणजे धन्य, 'बारूक' म्हणजे आशीर्वादित. आपल्याकडे आशीर्वाद वडील माणसें देतात. वांकून नमस्कार केला कीं तो मिळतो आणि तो पुढच्या काळाविषयीं असतो. धन्यता कोणी देत नाहीं. ती माणसाच्या ठिकाणीं असते, आणि असली तर दुसऱ्यास दिसते. इंग्रजी पुस्तकांवर पोसलेल्या आमच्या उपदेशकांनीं हा भेद पुसून टाकला. पगार वाढला, मुलगा परदेशीं गेला, वाडीच्या जागीं इमारत उभी राहिली, कीं त्यास 'देवाचा आशीर्वाद' म्हणावयाचें आणि तोच डोंगरावरच्या प्रवचनाचा अर्थ समजावयाचा! ज्याचें सर्व गेलें तो मग काय शापित? ईयोबाचे मित्र त्यास नेमकें हेंच सांगत होते, आणि त्या ग्रंथाच्या अखेरीस देवानें त्यांनाच दोषी ठरविलें.

दिब्रिटोंचें महत्त्व आम्हांस ह्या ठिकाणीं वाटतें. 'सुबोध बायबल' ह्या त्यांच्या अनुवादास साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला, तो योग्यच होता. पण 'धन्य' शब्दावरील त्यांचें खरें भाष्य त्यांच्या आयुष्यांत आहे. स्तोत्रसंहितेच्या आरंभींच 'अश्रे' शब्द येतो आणि अशा मनुष्यास पाण्याकांठच्या झाडाची उपमा दिलेली आहे. वसईच्या वाचकास ती समजावून सांगावी लागत नाहीं. केळीच्या बागा, पानवेली, रहाट आणि वाडीवाडींतलीं बावखलें हें त्याचें घरचेंच दृश्य. १९८० नंतरच्या काळांत ह्या हरितपट्ट्यावर बांधकामें चालून आलीं आणि टँकर विहिरींचें पाणी उपसूं लागले, तेव्हां हा धर्मगुरु 'हरित वसई संरक्षण समिती'च्या चळवळींत अग्रभागीं उभा राहिला. जमीन विकून आलेल्या पैशास आशीर्वाद म्हणूं पाहणारे त्यांच्याच समाजांत होते. त्यांस दुखविणें कोणत्याही धर्मोपदेशकास सोपें नसतें.

ह्याचा अर्थ त्यांचें सर्व लेखन आम्हांस सारखेंच मान्य आहे असा नव्हे. ख्रिस्तवचनाशेजारीं ज्ञानोबा-तुकोबांस बसविण्याची त्यांस हौस होती. हेतु उदार, पण पुष्कळदां दोघांमधलें अंतर न मोजतां हस्तांदोलन घडवून आणलेलें दिसतें. तुकोबांची देवाशीं भांडण्याची तऱ्हा अशा समन्वयांत बोथट होते. उपदेशाचा सूरही कधीं कधीं लेखाच्या मध्येंच चढतो. ह्या बाबतींत लक्ष्मीबाई टिळकांची 'स्मृतिचित्रें' अजून अजिंक्य आहेत. टिळकांनीं १८९५ सालीं बाप्तिस्मा घेतला, बाईंनीं पांच वर्षांनीं. मधल्या ताटातुटीचें दुःख त्या हंसत हंसत सांगतात. घरांत पैसा टिकत नाहीं, कारण पतिराज तो हातोहात देऊन टाकतात! 'दीन' शब्दाचा अर्थ त्या संसारचित्रांत वाचकास कळतो आणि कोणी शिकविल्याचा त्रास होत नाहीं.

'धन्य' शब्दावर आणखीही एक संकट आहे. बोईसरहून आमच्या वर्गास येणारा एक विद्यार्थी म्हणाला, "सर, आमच्याकडे कोणी घोळ घातला कीं त्याला 'धन्य आहेस बाबा' म्हणतात." वर्ग हंसला, आम्हीही हंसलों. पण तक्रार खरी आहे. बोलीनें शब्द उपहासास दिला, देवळानें औपचारिकतेस. मत्तयानें 'आत्म्यानें दीन' म्हटलें आहे, तर लूक नुसतें 'दीन' म्हणतो आणि पाठोपाठ श्रीमंतांस धिक्कार ऐकवितो. उपदेशकांस मत्तय अधिक सोयीचा वाटतो ह्यांत नवल नाहीं. पण ह्याच पालघर जिल्ह्यांत तारापूरच्या अणुवीजकेंद्राच्या विस्तारासाठीं अक्करपट्टी आणि पोफरण हीं गांवें उठविलीं गेलीं. तेथल्या कोळ्यासमोर लूकचें वचन वाचावयाचें तर 'धन्य' हा शब्द कोणत्या आवाजांत उच्चारावा? दिब्रिटोंच्या लेखांत ह्या प्रश्नाची जाणीव आहे. उत्तर मात्र त्यांनीं वसईच्या पाण्यापुरतेंच दिलें.

त्यांच्या 'सुवार्ता' मासिकांतील लेखनाची साक्षेपी निवड कोणी प्रसिद्ध करील तर ती आम्हांस हवी आहे. तिच्यांतून सणावारांचे शुभेच्छालेख खुशाल गाळावे. पाणी, जमीन आणि टँकर ह्यांविषयींचें जें असेल तें मात्र एकही ओळ न कापतां घ्यावें.