लायकी आणि कृपा : कॅथोलिक कन्याशाळांच्या प्रवेशपद्धतीचे एक परीक्षण

शाळांच्या प्रवेशाचे दिवस आले की धर्मगुरूंच्या दारी एरवी न दिसणारी वर्दळ सुरू होते. कोणी नातीसाठी येतो, कोणी भाचीसाठी. कोणी आपल्या साहेबाच्या मुलीसाठी. सर्वांची मागणी एकच : ‘‘फादर, सिस्टरांच्या नावाने दोन ओळी लिहून द्या.’’ आपण त्या लिहून देतो. मागणारा दुखावू नये म्हणून देतो, आणि कधीकधी आपल्या शब्दाला वजन आहे याचे समाधान वाटते म्हणूनही देतो. त्या दोन ओळींमुळे दुसरी कोणती मुलगी दाराबाहेर राहिली, हा प्रश्न आपणांस पडत नाही. कारण जिला शिफारस आणता येत नाही ती आपल्या दारी येतच नाही. प्रस्तुत लेखाचा विषय ही न आलेली मुलगी होय.

आमच्या डोळ्यांपुढे प्रामुख्याने इंदूर शहर आहे. होळकरांच्या काळापासून येथे स्थायिक झालेली मराठी कुटुंबे आणि माळव्यातील व्यापारी घराणी यांना सेंट राफेल्ससारखी धर्मभगिनींची कन्याशाळा परिचित आहे, आणि मुलगी ‘कॉन्व्हेंटात’ असणे हे अशा अनेक घरांत प्रतिष्ठेचे लक्षण मानले जाते. आमची टीका कोणत्याही एका शाळेवर नाही. जेथे जेथे जागा थोड्या व अर्ज पुष्कळ असतात, आणि परीक्षेने, मुलाखतीने वा ओळखीने निवड होते, त्या सर्व ठिकाणांना ती लागू आहे.

या स्पर्धेचा इतिहास मोठा विलक्षण आहे. १८२४ साली अमेरिकन मिशनने मुंबईत मुलींची शाळा काढली तेव्हा दाराशी रांग नव्हती. मुली मिळवण्यासाठी घरोघर फिरावे लागे आणि आईबापांची समजूत घालावी लागे. पुढे मिस फरार यांची अहमदनगरची कन्याशाळा पाहून जोतीराव फुले प्रभावित झाले आणि १८४८ साली पुण्यात मुलींची शाळा उभी राहिली. पंडिता रमाबाईंनी १८९६-९७ च्या दुष्काळात मध्य प्रांतातून मुली व विधवा आणल्या, त्या बुद्धीची परीक्षा घेऊन नव्हे. त्या उपाशी होत्या एवढीच त्यांची पात्रता. ज्या कार्याचा आरंभ मुलींना शोधण्यापासून झाला, ते आज त्यांना गाळण्यापर्यंत येऊन पोहोचले आहे. हे यशाचे फळ आहे, हे खरे. परंतु यशानेच मूळ हेतूवर मात केली की काय, हे तपासून पाहणे अगत्याचे आहे.

ख्रिस्तसभेचे दस्तऐवज याविषयी काय म्हणतात? दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६५ च्या शिक्षणविषयक घोषणापत्रात गरिबांची, कुटुंबाच्या आधारास मुकलेल्यांची आणि श्रद्धेच्या दानापासून दूर असलेल्यांची विशेष काळजी घेण्यास कॅथोलिक शाळांना सांगितले. १९७७ साली रोमच्या शिक्षणविषयक विभागाने ‘कॅथोलिक शाळा’ हा दस्तऐवज काढला. त्यात अधिक स्पष्ट इशारा आहे : शाळेने आपले लक्ष केवळ वा मुख्यतः सधन वर्गाकडे वळवले, तर त्या वर्गाचे वर्चस्व टिकवण्यास तिचाच हातभार लागेल. भारतीय बिशपांच्या २००७ च्या शिक्षणधोरणानेही दुर्बलांना अग्रक्रम दिला आहे. हे सर्व वाचून मन संतोष पावते. तथापि आमचा आक्षेप असा की, १९७७ चा दस्तऐवज शाळेच्या आतील वातावरणाविषयी, शिक्षकांविषयी आणि मूल्यांविषयी विस्ताराने बोलतो. पण आत यावयाचे कोणी आणि ते ठरवावयाचे कसे, याची रीत सांगत नाही. गरिबांविषयीचा आदेश उंबरठ्यावर येऊन थांबतो, आणि तेथून पुढचा निर्णय कार्यालयातील मेजावर होतो.

त्या मेजावर काय घडते? तीन-चार वर्षांची मुलगी रंग ओळखते काय, हे पाहिले जाते. पण वस्तुतः परीक्षा असते ती वडिलांच्या उत्पन्नाची आणि आईच्या इंग्रजीची. याकोबाच्या पत्राच्या दुसऱ्या अध्यायात सोन्याची अंगठी घातलेला मनुष्य आणि मळक्या वस्त्रांतील दरिद्री मनुष्य एकाच सभेत येतात. एकाला मानाची जागा मिळते, दुसऱ्याला पायाशी बसण्यास सांगितले जाते. मुलाखतीच्या खोलीचे याहून यथार्थ वर्णन करता येणार नाही. फरक इतकाच की याकोबाच्या सभेत त्या दरिद्री मनुष्याला निदान आत तरी येऊ दिले होते!

गुणवत्तेच्या समर्थनार्थ मत्तयाच्या पंचविसाव्या अध्यायातील दाखला पुढे केला जातो. परंतु त्यातील धनी दासांना द्रव्य आधी सोपवतो आणि हिशेब मागाहून घेतो. हिशेब आधी मागून मग द्रव्य देणे ही त्या दाखल्याची उलटापालट होय. द्राक्षमळ्याचा धनी तर अकराव्या तासाला बाजारात उभ्या असलेल्यांनाही कामावर घेतो. त्यांना कोणी मजुरीला लावले नव्हते, एवढेच कारण त्याला पुरते. वर्गात धर्मशिक्षणाच्या तासाला आपण कृपेचा सिद्धांत शिकवतो, आणि प्रवेशाच्या दिवशी लायकीचा. यांतला कोणता धडा मुलींच्या मनात अधिक खोल रुजत असेल?

कायद्याची बाजूही पाहिली पाहिजे. २००९ च्या शिक्षणहक्क कायद्याने प्रवेशासाठी बालकाची वा पालकांची चाळणी घेण्यास मनाई केली, आणि खाजगी शाळांत प्रवेशवर्गातील पंचवीस टक्के जागा दुर्बल व वंचित घटकांसाठी ठेवल्या. त्या कायद्याच्या व्याख्येनुसार चिठ्ठीवाचून केलेली कोणतीही निवड ही चाळणीच होय. मात्र सर्वोच्च न्यायालयाने २०१२ साली विनाअनुदानित अल्पसंख्याक शाळा आणि २०१४ साली सर्वच अल्पसंख्याक शाळा या कायद्यातून वगळल्या. २०२५ साली त्याच न्यायालयाच्या दोन न्यायमूर्तींनी २०१४ च्या निर्णयाविषयी शंका व्यक्त करून तो प्रश्न मोठ्या पीठाकडे सोपवण्यासाठी सरन्यायाधीशांपुढे ठेवला. संविधानाच्या तिसाव्या अनुच्छेदाचे मोल आम्ही जाणतो. लहान समाजाला ते कवच आवश्यक आहे. परंतु कवच हे दुर्बलाच्या रक्षणासाठी असते. इतरांवर बंधनकारक असलेली दया करण्यापासून सुटका मिळावी म्हणून ते वापरले गेले, तर न्यायालयात आपण जिंकू आणि शुभवर्तमानापुढे हरू.

धर्मभगिनींची अडचण आम्हांस ठाऊक नाही, असे नव्हे. विनाअनुदानित शाळेला शिक्षकांचे वेतन शुल्कातूनच द्यावे लागते, आणि शहरातील शाळेच्या उत्पन्नावर खेड्यातील शाळा वा दवाखाना चालवावा लागतो. गरीब मुलगी आत आली तरी सहली, गणवेश व इंग्रजी यांच्या ओझ्याखाली ती एकाकी पडते, हाही आक्षेप खोटा नाही. पण यावरून निष्कर्ष निघतो तो तिला आत आल्यावर आधार द्यावा असा. तिला आत घेऊच नये असा नव्हे. आणि ही गोष्ट मुलींच्या बाबतीत अधिक गंभीर आहे, कारण जेथे घरात एकाच मुलाचे शुल्क भरण्याची ऐपत असते, तेथे ते बहुधा मुलाचे भरले जाते.

मग मार्ग कोणता? यहूदाच्या रिकाम्या जागेसाठी दोन योग्य माणसे पुढे आली, तेव्हा प्रेषितांनी प्रार्थना करून चिठ्ठ्या टाकल्या आणि मत्थियाची निवड झाली. प्रेषितपदासाठी जी रीत चालली, ती बालवर्गासाठी हलकी कशी ठरेल? मध्य प्रदेशात शिक्षणहक्काच्या जागा शासन सोडतीनेच भरते. आपल्या शाळांनी एक चतुर्थांश जागा कायद्याच्या सक्तीवाचून गरीब मुलींसाठी ठेवाव्यात, उरलेल्या जागांसाठी पालकांसमक्ष सोडत काढावी, आणि मुलाखत बंद करावी. सोडतीत नाव न निघालेली मुलगी निराश होईल. पण ‘तू कमी पडलीस’ असा शिक्का घेऊन ती घरी जाणार नाही.

इंदूर धर्मप्रांताला एक मोठी साक्ष लाभली आहे. सिस्टर राणी मारिया यांनी उदयनगरच्या भूमिहीन मजुरांना आपल्या हक्कांची जाणीव करून दिली, आणि २५ फेब्रुवारी १९९५ रोजी इंदूरकडे येणाऱ्या बसमध्ये त्यांची हत्या झाली. ४ नोव्हेंबर २०१७ रोजी इंदूरच्या सेंट पॉल शाळेच्या मैदानावर त्यांना धन्य घोषित करण्यात आले. त्या मैदानावर हजारो लोक जमले. आमचा प्रश्न साधा आहे : ज्या मजूर स्त्रियांसाठी त्यांनी प्राण दिले, त्यांच्यापैकी एखादीची मुलगी त्याच बसने इंदूरला आली, तर आपल्या कन्याशाळेच्या फाटकातून तिला आत जाता येईल काय?

याचे उत्तर एकट्या सिस्टरांनी द्यावयाचे नाही. धर्मगुरू व धर्मशिक्षक बंधुभगिनींनो, आरंभ आपल्याच मेजापासून करता येईल. यंदा कोणी दोन ओळी मागावयास आला, तर त्याला नम्रपणे नकार द्यावा. आणि आपल्या धर्मग्रामातील जी मुलगी मागावयास आली नाही, तिच्या घरी जाऊन तिचा अर्ज आपण स्वतः भरून द्यावा.