फाटकाशी थांबलेली मोटार

सीमोल्लंघन हा आमच्या भाषेतला मंगल शब्द आहे. विजयादशमीला गावची शीव ओलांडावी, आपट्याची पाने घेऊन परतावे आणि वडीलधाऱ्यांच्या हाती ते सोने द्यावे, हा आचार अजून पुष्कळ ठिकाणी पाळला जातो. मराठीने ज्या कडेस शीव म्हटले तिलाच कोंकणीने शीम म्हटले; दोन्ही शब्द एकाच सीमेचे. परंतु ज्या सीमेवर आडवे फाटक आहे, बंदूकधारी पहारा आहे आणि मेजावर उघडी वही आहे, ती ओलांडणे हा सण नव्हे. प्रवासवर्णनांत मात्र या फाटकाला फारच थोडी जागा मिळते. रमणीय मार्गाने मोटार हाकीत जाणारा लेखक घाटाच्या वळणांवर आणि हिमशिखरांवर पानेच्या पाने खर्ची घालतो. नाक्यावर गेलेल्या तीन तासांची बोळवण एखाद्या विनोदी वाक्याने करतो. आमच्या मते प्रवासवर्णनाची खरी पारख त्या तीन तासांतच होते.

याचे कारण उघड आहे. नाक्यापर्यंत प्रवासी पाहणारा असतो. नाक्यावर तो पाहिला जाणारा होतो. त्याचे नाव, वय, धंदा, मुखचर्या, सारे काही परक्या माणसाच्या नजरेखालून जाते. मोटारीने जाणाऱ्याची तर दुहेरी झडती. त्याच्या पारपत्राप्रमाणे मोटारीलाही तिचे स्वतंत्र कागद लागतात. मोटार-संघांकडून मिळणाऱ्या कार्ने नावाच्या पुस्तिकेत दर देशासाठी एक पान असते. प्रवेशाच्या वेळी त्याचा एक भाग फाडून घेतात, निर्गमनाच्या वेळी दुसरा, आणि स्थळप्रतीवर दोन्ही शिक्के उमटतात. गाडी परदेशात विकली गेली नाही याची ती हमी असते. शिक्का राहून गेला तर जकातीचा भुर्दंड बसतो. स्वच्छंद भटकंतीचा आव आणणाऱ्या लेखकाच्या मागे हा हिशेब सतत चालू असतो. जो तो लपवितो, तो वाचकास अर्धेच सांगतो.

युरोपातून इराणमार्गे अफगाणिस्तानाकडे जाणाऱ्या रस्त्याने या विषयावरील तीन ग्रंथ आम्हांस दिले आहेत. पहिला रॉबर्ट बायरन यांचा ‘द रोड टू ऑक्सियाना’. १९३३-३४ चा हा प्रवास १९३७ साली ग्रंथरूपाने आला. इराणातील पोलिसांच्या भयाने बायरन यांनी रोजनिशीत शहांचा उल्लेख ‘मार्जोरीबँक्स’ या इंग्रजी आडनावाने केला. वाचक हसतो, परंतु भय खरे होते आणि ते लपलेले नाही. ज्या ऑक्सस नदीचे नाव ग्रंथास दिले, ती त्या भागात अफगाणिस्तान आणि सोव्हिएत संघ यांची सीमा होती. तिच्या काठापर्यंत जाण्याची परवानगी त्यांस मिळाली नाही. शीर्षकात नदी आहे आणि शेवटी नदीचे दर्शन नाही. इतकी विद्वत्ता आणि इतका फटकळपणा असलेल्या लेखकासही सीमेने नम्र केले, हे त्या ग्रंथाचे अनपेक्षित सौंदर्य होय.

दुसरा ग्रंथ एला मायार यांचा ‘द क्रुएल वे’. १९३९ साली जिनिव्हाहून काबूलपर्यंत फोर्ड मोटारीतून केलेला हा प्रवास १९४७ साली प्रसिद्ध झाला. सोबत होत्या लेखिका आनेमारी श्वार्त्सेनबाख. ग्रंथात त्यांस क्रिस्टिना असे नाव दिले आहे. त्यांस मादक द्रव्याचे व्यसन होते, आणि दूरच्या रस्त्यावर ते सुटेल अशी मायार यांची आशा होती. इतर प्रवासी जे पाहण्यासाठी सीमा ओलांडतात, ते या दोघी जे टाकण्यासाठी ओलांडत होत्या. देशामागून देश मागे पडले. व्यसन मागे पडले नाही. कोणत्याही नाक्यावरच्या अधिकाऱ्याला झडतीत न सापडणारे सामान माणूस बरोबर नेत असतो, हे सत्य या ग्रंथाइतके करुणेने क्वचितच लिहिले गेले असेल. दोघी काबूलला असतानाच युरोपात महायुद्ध पेटले, आणि ज्या सीमा त्या सहज ओलांडून आल्या होत्या त्या त्यांच्या पाठीमागे मिटू लागल्या.

तिसरा ग्रंथ, आणि आमच्या दृष्टीने श्रेष्ठ, निकोला बूव्हिए यांचा ‘ल्यूझाज द्यू माँद’. जून १९५३ मध्ये चोवीस वर्षांचे बूव्हिए जिनिव्हाहून एका लहानशा फियाट टोपोलिनो मोटारीतून निघाले. बेलग्रेडला त्यांचे चित्रकार मित्र थिएरी व्हेर्ने त्यांस भेटले. व्हेर्ने चित्रे विकीत, बूव्हिए लेख लिहीत, व्याख्याने देत, शिकवण्या करीत. पैसा संपला की मोटार थांबे. तब्रीझला बर्फाने त्यांस एक हिवाळाभर अडकवून ठेवले. महाबादेस तर त्यांचा मुक्काम काही काळ कारागृहातच पडला. क्वेट्ट्यात नोकराने हस्तलिखित केरात टाकले, आणि लेखकाने ते गावाच्या उकिरड्यावर शोधले. चढावर धापा टाकणारी, प्रसंगी ढकलावी लागणारी ती मोटार हेच या ग्रंथाचे तंत्र आहे. वेगाने जाणाऱ्यास देश दिसतो, थांबणाऱ्यास माणूस दिसतो. येथे थांबणे लेखकाच्या हौसेचे नसून गरजेचे आहे, म्हणून ते खोटे वाटत नाही.

या ग्रंथाचा शेवट विशेष लक्षात घेण्याजोगा आहे. डिसेंबर १९५४ मध्ये व्हेर्ने पुढे निघून गेलेले, बूव्हिए एकटेच खैबरच्या खिंडीपाशी येतात. समोर पाकिस्तानात उतरणारा रस्ता आहे. ग्रंथ तो रस्ता उतरत नाही. तो सीमेवरच संपतो. प्रवासाने दिलेले जतन करून ठेवता येत नाही, उरते ती आतली एक रिकामी जागा, असा काहीसा भाव तेथे आहे. पोहोचण्याचा विजयोत्सव नाही. नऊ वर्षांनी, १९६३ साली, ग्रंथ प्रसिद्ध झाला. इतका काळ ज्याने अनुभव मुरू दिला त्यालाच असा शेवट सुचतो.

तथापि एक आक्षेप नोंदविलाच पाहिजे. खैबरची ती सीमा १८९३ च्या ड्युरँड करारातून आली, आणि तिने पठाणांच्या टोळ्या दुभंगल्या. स्विस पारपत्र बाळगणाऱ्यास जे फाटक चिंतनाचा विसावा आहे, ते तेथल्या रहिवाशास घराच्या अंगणातून गेलेली रेघ आहे. बूव्हिए दरिद्री होते, आजारी होते, परंतु फाटक शेवटी त्यांच्यासाठी उघडणार होते. गरिबीने माणूस स्थानिकांच्या जवळ येतो. पारपत्र त्याला पुन्हा दूर नेते. हे अंतर ग्रंथात जाणवते, पण मांडले गेलेले नाही. १९७९ साली इराणात क्रांती झाली, अफगाणिस्तानात सोव्हिएत फौजा शिरल्या, आणि हा मार्ग हौशी मोटारींना बंद झाला. त्यानंतर तर हे न्यून अधिकच डोळ्यांत भरते.

हा आक्षेप आम्हांस सुचावा याचे कारण आमच्या प्रदेशातच आहे. कॅसलरॉक आणि कुळे या दोन स्थानकांमधला घाट आज पर्यटक धबधब्यासाठी पाहतात. एके काळी तेथे दोन सत्तांच्या जकाती होत्या. पत्रादेवीवरून मोटारीने गोव्यात शिरणाऱ्याला हिरवी झाडी दिसते. १५ ऑगस्ट १९५५ रोजी त्याच सीमेवर निःशस्त्र सत्याग्रहींवर गोळ्या झाडल्या गेल्या. १९ डिसेंबर १९६१ नंतर तेथे कोणी पारपत्र मागत नाही. हे सुदैवच, पण रस्ता सुंदर झाला म्हणून त्याची स्मृती पुसली जाऊ नये.

मराठीत प्रवासवर्णन विपुल आहे, परंतु आमचे लेखक बहुधा बंदरातून वा विमानतळावरून परदेशी गेले. पायी वा गाडीने हद्द ओलांडण्याचे भय शोधायचे तर मागे जाऊन १८५७ च्या धामधुमीत सापडलेल्या गोडसे भटजींचा ‘माझा प्रवास’च उघडावा लागतो. आता मराठी माणूसही मोटार घेऊन भूतान-नेपाळच्या वाटेस लागला आहे. वर्णने येतील, यावीत. त्या लेखकांस आमची एकच विनंती आहे. घाट लिहा, बर्फ लिहा. पण फाटकाशी मोटार थांबली असता शेजारच्या रांगेत डोईवर गाठोडे घेऊन कोण उभे होते, आणि तुमच्या आधी त्याला सोडले की नाही, तेही लिहा. शीव ओलांडून परतताना हाती सोने आणण्याची आमची रीत आहे. अशा प्रवासातले सोने आम्हांस तेच वाटते.