टोल्किनांचा पहिला कोश

कथेसाठी भाषा बनवणारे लेखक थोडेफार सापडतील. भाषा आधी रचून मग तिच्याकरिता कथा लिहिणारे विरळा. जे. आर. आर. टोल्किन तसे होते. त्यांची 'लॉर्ड ऑफ द रिंग्ज' ही कादंबरी १९५४-५५ साली निघाली. तिच्यातील एल्फ या अमर लोकांच्या क्वेन्या भाषेचा पहिला कोश मात्र त्यांनी १९१५ सालीच लिहावयास घेतला होता. पुढे ते ही भाषा जन्मभर बदलत राहिले. १९७३ साली वारले, तेव्हाही ती पुरी झालेली नव्हती.

तो जुना कोश १९९८ साली छापला गेला. हौशी मंडळी आज क्वेन्येत कविता करतात, पत्रे लिहितात आणि शब्द अपुरे पडले की या कोशात हात घालतात. स्पेलिंग सुधारायचे, शब्द नंतरच्या ध्वनिनियमांत बसवायचा आणि चालवायचा, ही त्यांची रीत. तिला माझी हरकत नाही. बोलायचे म्हटले की शब्द हवेतच.

पण अर्थही बदललेले असतात ना! 'नाई' हा शब्द पाहा. १९३७ च्या सुमाराच्या टिपणांत त्याचा अर्थ 'अरेरे'; कादंबरीतील गाण्यात तोच 'असे होवो' या अर्थी येतो. म्हणजे आजाऱ्याविषयी कुणी कळवळून 'अरेरे, तो जाणार' लिहावे आणि वाचणाऱ्याने 'तो जावो' असे वाचावे! संस्कृतातला 'राग' प्रेमाचा आणि आपला संतापाचा, तशातलीच ही गत.

'कालिंबान' हा शब्द याहून अवघड. त्याचा अर्थ रानट्यांचा मुलूख, आणि कोशात त्याच्याच पुढे दिले आहे 'जर्मनी'. टोल्किन तेव्हा विशीतले. महायुद्ध चालू होते. १९१६ साली ते सोमच्या लढाईत होते आणि त्याच वर्षी त्यांचे दोन जिवलग मित्र युद्धात गेले. गंमत अशी, की टोल्किन हे आडनावच मुळात जर्मनीतून आलेले.

आता हा शब्द 'अद्ययावत' कसा करणार? जर्मनी गाळून 'रानटी मुलूख' तेवढा ठेवणे सोपे आहे. पण मग त्या तरुणाचा द्वेष पुसला जातो, आणि त्यामागचे दुःखही. मी स्वतः कादंबऱ्या लिहितो. माझे विशीतले लेखन कुणी परस्पर सोज्वळ करून माझ्याच नावावर छापले, तर मला ते खपणार नाही. नवा शब्द हवा असेल त्याने तो घडवावा आणि खाली स्वतःचे नाव घालावे. 'कालिंबान' वापरू नये; पण कोशात तो आहे तसाच राहू द्यावा, जर्मनीसकट.