काय करणार?

गेल्या वर्षी ऑफिसने आम्हाला लाइफ कोचिंगची सहा सेशन्स दिली. माझा पेच साधाच होता, बंगळुरूची नोकरी घ्यायची की नाही. बाबा गेल्यापासून आई मिरजेत एकटी असते. पुण्याहून मी महिन्यातून दोनदा जाते, तिकडून तसं जमलं नसतं.

कोच चांगली होती. सल्ला देत नव्हती, फक्त विचारत होती. तुला काय हवंय? आत्ता नेमकं काय चाललंय? काय काय करता येईल? आणि शेवटी, मग तू काय करणार?

या चौथ्या प्रश्नाला मला हसू आलं. आमच्या घरात ‘काय करणार’ हे शब्द प्रश्न म्हणून कुणी वापरलेलेच नाहीत. रिझर्वेशन मिळालं नाही, काय करणार. बाबांचा रिपोर्ट आला, काय करणार. मराठीत हा सुस्कारा आहे. इथे तो व्हिडिओ कॉलवर, खरोखरचं उत्तर मागत समोर उभा होता.

या चार पायऱ्यांचं नाव ग्रो मॉडेल. गोल, रिॲलिटी, ऑप्शन्स, विल. ते जगभर पोचलं जॉन व्हिटमोर यांच्या ‘कोचिंग फॉर परफॉर्मन्स’ (1992) या पुस्तकामुळे. मॉडेल त्यांच्या एकट्याचं नाही, ग्रॅहम अलेक्झांडर आणि ॲलन फाइन यांचीही नावं त्याच्याशी जोडली जातात. व्हिटमोर आधी कार रेसिंगमध्ये होते आणि विचारांचं मूळ टेनिस कोर्टावर, टिमथी गॅलवे यांच्या ‘द इनर गेम ऑफ टेनिस’मध्ये (1974). सेशन्स संपल्यावर मी व्हिटमोर वाचले. थोडं रागानेच, हे कबूल करते.

राग बराचसा विरघळला, कारण पुस्तक मॉडेलपेक्षा शहाणं आहे. त्यातलं मला सगळ्यात आवडलेलं उदाहरण टेनिसचंच. खेळाडूला ‘चेंडूवर नजर आहे का?’ विचारलं की तो ‘हो’ म्हणून मोकळा होतो. ‘चेंडू कुठल्या बाजूला फिरत येतोय?’ विचारलं तर उत्तर देण्यासाठी बघावंच लागतं. चांगल्या प्रश्नाची इतकी नेमकी व्याख्या मी दुसरीकडे वाचलेली नाही. शिवाय जाणीव आणि जबाबदारी यांच्याशिवाय या चार अक्षरांना फारसा अर्थ नाही, हेही व्हिटमोर स्वतःच सांगतात. पण ॲप, वर्कशॉप आणि इन्स्टाच्या स्लाइड्सवर पोचली ती चार अक्षरंच.

माझ्या सेशनमध्येही चेंडूसारखा एक प्रश्न आला होता. “गेल्या सहा महिन्यांत आईने तुला ‘इकडे ये, माझ्याजवळ राहा’ असं किती वेळा म्हटलं?”

एकदाही नाही. मी आकडा शोधत गप्प बसले आणि आकडा शून्य निघाला. मॉडेलचं हे ऋण मी मानते.

माझी तक्रार त्याच्या पुढे सुरू होते. ‘का?’ शक्यतो विचारू नये, असं व्हिटमोर सांगतात. त्यात दोषारोप ऐकू येतो आणि समोरचा बचावाला लागतो. साहेबाच्या केबिनमध्ये हे अगदी खरं. पण ‘का गं, काय झालं?’ यात कुठला आरोप आहे? शून्य ऐकल्यावर मला तोच ‘का’ हवा होता. आई म्हणत का नाही? आणि ती म्हणत नसताना मला ते ऐकू का येतं? कोच मात्र पुढच्या पायरीवर गेली होती. आम्ही ऑप्शन्सची यादी करत होतो.

दुसरी अडचण पहिल्याच पायरीवर आहे. ध्येय आधी आणि वास्तव नंतर, हा क्रम व्हिटमोर मुद्दाम ठेवतात, नाहीतर माणूस परिस्थितीत मावेल एवढंच मागतो. टेनिसमध्ये किंवा सेल्सच्या टार्गेटमध्ये पटतं. पण माझं ‘हवंय’ माझ्या एकटीचं कुठे होतं? ते ‘मी’ने सुरूही होत नाही. मराठीत आपण ‘मला हवंय’ म्हणतो. ताप येतो, भूक लागते, आठवण येते, तसंच हवंसंही वाटतं. ते कुठून आलं हे बघायच्या आधीच त्याला ध्येय म्हणून लिहून टाकलं, तर पुढच्या तिन्ही पायऱ्या त्या चुकीवर चढतात. माझं ध्येय लिहिलं होतं, “तीन महिन्यांत बंगळुरूचा निर्णय.” सेशनचे पैसे ऑफिस भरत होतं, त्यामुळे निर्णय, मुदत, पुढचं पाऊल हीच भाषा माझ्याही तोंडी आली असेल.

शेवटी ठरलेली कृती पार पाडण्याची खात्री एक ते दहात सांगायची असते. “रविवारी आईशी बोलणार.” मी आठ म्हटलं.

बोलले. आई भाजी निवडत होती. म्हणाली, “तुझं तू ठरव. माझं काय!”

हे वाक्य चार पायऱ्यांपैकी कुठल्या पायरीवर ठेवायचं ते मला अजून कळलेलं नाही. परवानगी होती, तक्रार होती, की दोन्ही? पुढच्या सेशनला कोचने विचारलं, कृती पूर्ण झाली का? मी हो म्हटलं. तिने टिक केलं.

नंतरच्या फेरीत मिरजेला गेले तेव्हा मी आईला सरळ विचारलं, “तू मला ये का म्हणत नाहीस?” ती बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, “म्हटलं असतं तर तू आली असतीस.”