विमान आणि दोरी

माणसाला वर उचलणारा चित्रपट कोणता, या प्रश्नाचे उत्तर मराठी पांढरपेशा समीक्षेने फार पूर्वीच देऊन ठेवले आहे. संतपट हे ते उत्तर. त्यातही प्रभातचा 'संत तुकाराम'. मन निर्मळ होते, डोळ्यांना पाणी येते, क्षणभर संसाराचा विसर पडतो, असे या चित्रपटाविषयी तीन-चार पिढ्या सांगत आल्या आहेत. या अनुभवाच्या खरेपणाविषयी मला शंका नाही. मी स्वतः तो घेतलेला आहे. प्रश्न वेगळा आहे. चित्रपट माणसाला वर उचलतो म्हणजे नेमके कोणाला उचलतो? कोठून उचलतो आणि कोठे नेऊन ठेवतो? आणि ज्याला उचलले जात नाही, तो पडद्यावर कोठे उभा असतो? नीतीचा विचार करायचा तर येथूनच सुरुवात करावी लागेल.

'संत तुकाराम' हा १९३६ सालचा चित्रपट. दिग्दर्शन दामले-फत्तेलाल यांचे, कथा शिवराम वाशीकरांची, संगीत केशवराव भोळ्यांचे, आणि तुकारामाच्या भूमिकेत विष्णुपंत पागनीस. १९३७ साली व्हेनिसच्या महोत्सवात त्याचा गौरव झाला. शांताराम आठवले यांनी या चित्रपटासाठी लिहिलेली रचना इतकी तुकोबांच्या वळणाची झाली, की पुष्कळांना ती गाथेतलीच वाटली. ही गोष्ट कौतुकाने सांगितली जाते आणि कौतुक योग्यच आहे. पण तिचा दुसरा अर्थही ध्यानात घ्यावा. लोकांच्या मनात बसलेला तुकाराम हा काही अंशी गाथेचा आणि काही अंशी प्रभात कंपनीचा आहे. दंभावर कोरडे ओढणारा, कडू बोलणारा तुकाराम पागनिसांच्या डोळे मिटलेल्या चेहऱ्यात बराच विरघळून गेला आहे.

चित्रपटाच्या मध्यभागी जो झगडा आहे, तो मात्र आपल्या जिव्हाळ्याचा आहे. शूद्राने वेदाचा अर्थ सांगावा की नाही, हा तो झगडा. सालोमालोची चहाडी, रामेश्वरशास्त्र्यांचा निवाडा आणि इंद्रायणीत बुडवलेल्या वह्या. ज्ञानावर कोणाचा हक्क, असा सरळ प्रश्न चित्रपट उभा करतो. आता उत्तर पाहा. तुकाराम नदीकाठी धरणे धरून बसतो आणि वह्या परत येतात. म्हणजे निकाल लागतो तो न्यायाने नव्हे, चमत्काराने. शास्त्र्याचा पराभव होतो, पण त्याच्या शास्त्राचा होत नाही. या एका शूद्राच्या बाबतीत देवाने अपवाद केला, एवढेच सिद्ध होते. वह्या तरल्या नसत्या तर? तर रामेश्वरशास्त्र्यांचा निवाडा बरोबर होता असे म्हणायचे काय? आमच्या आज्या-पणज्यांची न लिहिलेली, न तरलेली किती गाथा कोणकोणत्या नद्यांच्या तळाशी गेली असेल, हा विचार संतपट पाहताना माझ्या मनातून जात नाही. हक्काला चमत्काराचा दाखला लागत असेल, तर तो हक्क नव्हे, ती मेहेरबानी आहे.

तरीही हा चित्रपट मला प्रिय आहे, आणि त्याचे कारण तुकाराम नव्हे, जिजाई आहे. गौरीबाईंनी उभी केलेली ही बाई म्हणजे आमच्या गल्लीतली बाई. ती तोंडाळ आहे, कष्टाळू आहे, तिच्या घरात दाणा नाही आणि नवऱ्याला त्याची शुद्ध नाही. मूल आजारी पडते, तेव्हा ती एका हाताने पोराला ओढत आणि दुसऱ्या हातात पायताण घेऊन विठोबाला जाब विचारायला देवळात शिरते. आमच्या गावाच्या जत्रेत तंबूच्या सिनेमात हा प्रसंग मी लहानपणी पाहिला. तेव्हा आमच्या बाजूला बसलेल्या बाया हसल्या नव्हत्या. त्या गप्प झाल्या होत्या. संपूर्ण चित्रपटात देवाला नैतिक प्रश्न विचारणारे पात्र हे एकच आहे. लेकरू तापाने फणफणत असताना तू काय करतोस, हा तो प्रश्न. शेवटी गरुडाचे विमान येते आणि तुकाराम तिला वैकुंठाला बोलावतो, तेव्हाही तिला पोरांची आणि म्हशीची काळजी आहे. ती त्याला पुरणपोळी वाढते आणि मागे राहते. समीक्षकांनी तिला भोळी, संसारात अडकलेली ठरवले. मला ती या चित्रपटातली सर्वांत जबाबदार व्यक्ती वाटते. विमान वर जाते ते जिच्या खांद्यावर पाय देऊन, ती खाली उभी आहे. दामले-फत्तेलालांचे मोठेपण असे, की कॅमेरा त्यांनी तिच्यावरून काढून घेतला नाही.

आता दुसरी परंपरा पाहू. ती सुधारकी चित्रपटांची. प्रभातच्याच 'धर्मात्मा'त (१९३५) बालगंधर्वांचा एकनाथ अस्पृश्याच्या घरी जेवतो. बॉम्बे टॉकीजच्या 'अछूत कन्या'त (१९३६) कस्तुरी इतरांचे प्राण वाचवण्यासाठी रेल्वेखाली जीव देते. बिमल रॉय यांच्या 'सुजाता'त (१९५९) ब्राह्मण घरात वाढलेली अस्पृश्य मुलगी, आपल्याला दूर ठेवणाऱ्या पालक आईला रक्त देते. हे चित्रपट सद्हेतूने काढलेले आहेत. त्यांच्या काळात त्यांनी काही मने मऊही केली असतील. नूतनचा अबोल अभिनय आजही काळजाला हात घालतो. पण या सद्हेतूचा हिशेब एकदा मांडलाच पाहिजे.

'धर्मात्मा'त उन्नती होते ती एकनाथांची. अस्पृश्याचे घर हे त्यांच्या मोठेपणाचे व्यासपीठ आहे. 'अछूत कन्या'त रेल्वे फाटकाजवळ कस्तुरीचे स्मारक उभे राहते आणि तेथूनच तिची कथा आपल्याला सांगितली जाते. जिवंतपणी जिला गावात घर मिळाले नाही, तिला मेल्यावर दगड मिळतो. हे वाचताना चोखोबाची आठवण होणार नाही, असा आपला वाचक नसेल. मंगळवेढ्याला गावकुसाच्या कामावर भिंत कोसळून चोखोबा मेला आणि त्याच्या हाडांतून विठ्ठलनाम ऐकू आले, अशी कथा सांगतात. त्याची समाधी पंढरपूरला देवळाच्या दाराबाहेर आहे. आत जाण्यासाठी त्याच्या लोकांना १९४७ साल उजाडावे लागले आणि त्यासाठी साने गुरुजींना उपोषण करावे लागले. हाडांनाही नामस्मरणाची परीक्षा द्यावी लागली, तेव्हा कोठे दाराबाहेरची जागा मिळाली. सुजाताला तीच परीक्षा रक्ताने द्यावी लागते. तिच्या रक्ताचा गट जुळला नसता तर ती 'मुलीसारखी'च राहिली असती, मुलगी झाली नसती. माणूस असल्याचा पुरावा दरवेळी आम्हीच का द्यायचा, आणि दरवेळी तो मरणाच्या दारात जाऊनच का द्यायचा? या चित्रपटांनी सवर्ण प्रेक्षकाला रडवले आणि हलके केले. रडून हलका झालेला माणूस घरी जाऊन शांत झोपतो. याला उन्नयन म्हणावे की विरेचन, हे वाचकाने ठरवावे.

या पार्श्वभूमीवर सत्यजित राय यांचा 'सद्गती' मला अतिशय महत्त्वाचा वाटतो. प्रेमचंदांच्या कथेवरचा हा तासाभराहूनही लहान चित्रपट त्यांनी १९८१ साली दूरदर्शनसाठी केला. कथा दोन ओळींची आहे. दुखी चांभार मुलीच्या सोयरिकीचा मुहूर्त काढायला पंडित घासीरामाकडे जातो. पंडित त्याला अंगण झाडायला लावतो, ओझी वाहायला लावतो आणि शेवटी एक भला मोठा ओंडका फोडायला लावतो. तापातून उठलेला, पोटात अन्न नसलेला दुखी कुऱ्हाड चालवता चालवता मरून पडतो. ओम पुरीच्या त्या कुऱ्हाडीच्या घावांत जो संताप आहे, तो त्याच्या तोंडून एकदाही बाहेर पडत नाही. तो लाकडावर निघतो. शिवी ज्याला द्यायची त्याला देता येत नाही, म्हणून ओंडक्यावर घाव घालणारी माणसे आपण सर्वांनी पाहिलेली आहेत.

पण माझ्या मते चित्रपटाचा नैतिक गाभा दुखीच्या मरणात नाही. तो त्यानंतर आहे. गोंड जातीचा एक माणूस चांभारांच्या वस्तीवर जाऊन बजावतो, की प्रेत उचलायला कोणी जायचे नाही. आणि वस्ती जात नाही. एवढीच कृती. घोषणा नाही, भाषण नाही. प्रेत विहिरीच्या वाटेवर पडून राहते, पाऊस पडतो, स्मिता पाटीलची झुरिया तेथे येऊन आक्रोश करते. शेवटी घासीरामालाच प्रेत हलवावे लागते. स्पर्श होऊ नये म्हणून तो काठीने पाय उचलतो, दोरीचा फास टाकतो आणि ढोर ओढावे तसा दुखीला ओढत नेतो, जेथे मेलेल्या जनावरांची हाडे पडलेली आहेत तेथे. परत येऊन तो जागेवर पाणी शिंपडतो.

मोहन आगाशे यांचा घासीराम दोरी ओढतो, ते दृश्य बहुतेक समीक्षकांनी क्रौर्याची परिसीमा म्हणून पाहिले. ते तसे आहेच. पण ज्यांच्या वाडवडिलांनी गावची मेलेली ढोरे ओढली, त्यांना त्यात आणखी एक गोष्ट दिसते. मेलेले ओढण्याचे काम आज ब्राह्मणाच्या हातात आले आहे. ते का आले? वस्तीने नकार दिला म्हणून. १९२७ च्या महाड परिषदेनंतर गावोगावच्या महारांनी मृतमांस सोडले, ढोरे ओढणे सोडले, त्यापायी बहिष्कार सोसले, मार खाल्ला. २०१६ साली गुजरातेत उना येथील मारहाणीनंतर दलितांनी मेलेली जनावरे उचलायचे नाकारले, तेव्हा सगळ्या देशाला कळले की नकार हे केवढे मोठे कर्म आहे. राय यांनी हा नकार मध्यभागी ठेवलेला नाही. तो त्यांच्या चित्रपटात ओझरता येतो. दुखीला त्यांनी शब्द दिले नाहीत आणि नकाराची प्रेरणाही वस्तीच्या आतून न येता बाहेरच्या माणसाकडून येते, ही या चित्रपटाची मर्यादा मला नोंदवली पाहिजे. तरीही एक प्रश्न राय यांनी टाळला नाही. तुकोबांसाठी विमान आले आणि दुखीसाठी दोरी. दोघेही श्रद्धावान. मग सद्गती म्हणजे काय? राय यांनी चमत्कार नाकारला आणि म्हणून न्यायाचा प्रश्न जिवंत राहिला.

नागराज मंजुळे यांचा 'फँड्री' (२०१३) येथून पुढे जातो. शब्दाचा अर्थ कैकाडी बोलीत डुक्कर. जब्याचे कुटुंब गावासाठी डुकरे पकडते. डुक्कर हातात येण्याच्या बेतात असताना शाळेत राष्ट्रगीत सुरू होते आणि जब्या ताठ उभा राहतो. त्याच्यामागोमाग घरचेही उभे राहतात. डुक्कर निसटते. राष्ट्राचा मान पोराने शाळेत शिकून घेतला आहे. त्याचा मान राखायला मात्र कोणी शिकलेले नाही. पुढे बांबूला बांधलेले डुक्कर खांद्यावर घेऊन हे लोक शाळेच्या भिंतीजवळून जातात, तेव्हा भिंतीवर बाबासाहेबांचे आणि सावित्रीबाईंचे चित्र आहे. कॅमेरा काहीही बोलत नाही. चित्र भिंतीवर चढले, पण माणूस ओझ्याखालून निघाला नाही, एवढे आपल्याला दिसते. आणि मग जब्याचा दगड थेट पडद्याबाहेर, आपल्याकडे येतो.

या दगडाला कोणी हिंसा म्हणेल. बुद्धाची करुणा कोठे गेली, असेही विचारील. माझे उत्तर असे आहे. आपल्या महापरिनिर्वाणानंतर १९५७ साली प्रसिद्ध झालेल्या ग्रंथात बाबासाहेबांनी धर्म आणि धम्म यांतला भेद मांडला आहे. धर्मात देवाला जे स्थान आहे, ते धम्मात नीतीला आहे, हा त्याचा आशय. देव असलेल्या चित्रपटात प्रेक्षक हात जोडतो. देव नसलेल्या चित्रपटात त्याला स्वतःकडे पाहावे लागते, कारण तेथे दुसरे कोणी उत्तर द्यायला येत नाही. जब्याचा दगड कोणाचे डोके फोडत नाही. तो बघ्याच्या बघेपणावर पडतो. ज्याला तो लागतो तो जागा होतो, आणि जागे होणे यालाच तर बोधी म्हणतात. करुणा म्हणजे डोळ्यांतले पाणी नव्हे. दुःख आहे, त्याला कारण आहे आणि ते कारण दूर करता येते, या विचारापर्यंत जी पोहोचत नाही ती केवळ हळहळ होय.

हे सर्व लिहिण्याला एक व्यावहारिक कारणही आहे. जयंतीच्या दिवसांत आपल्या वस्त्यांमधून पडदे लागतात आणि मंडळातली मुले विचारतात, कोणता चित्रपट दाखवावा? बहुधा नायकाच्या चरित्रावरचा, टाळ्या घेणारा चित्रपट निवडला जातो. तो जरूर दाखवावा. पण त्याच्या जोडीला एका रात्री 'संत तुकाराम' लावावा आणि विमानाऐवजी जिजाईकडे पाहायला सांगावे. दुसऱ्या रात्री 'सद्गती' लावावा आणि वस्ती प्रेत उचलायला का गेली नाही, यावर बायाबापड्यांना बोलते करावे. तिसऱ्या रात्री 'फँड्री' दाखवावा आणि पडदा पांढरा झाल्यावर दिवे लगेच लावू नयेत. माणसाला वर उचलण्यासाठी आकाशातून काही यावे लागत नाही. खांद्यावरचे ओझे खाली ठेवले, की तो आपोआप ताठ उभा राहतो.